खिंड बंद आहे

ड्वेननं सहावी पाटी टेबलावर उभी केली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि सहाच्या सहा पाट्या गोळा करून परत पिशवीत टाकल्या. पाट्या म्हणजे घडी घातलेले पुठ्ठे. त्यांवर त्याच्या सुबक अक्षरात सहा पात्रांची नावं होती आणि एकवीस वर्षांच्या हाताळणीनं त्यांचे कोपरे मऊ पडले होते. आज त्या कुणासमोर मांडणार? त्यानं कोरे पुठ्ठे काढले आणि मार्करचं टोपण दातांत धरून नवी नावं लिहायला घेतली.

बावीस नंबरचं टेबल, शनिवार, दुपारी एक. इंडियानापोलिसला दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या खेळांच्या मेळ्यात ही वेळ आणि ही जागा कित्येक वर्षं त्याचीच होती. हॉटेलच्या त्या दालनात साठ टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलाशी पाच-सहा खेळाडू आणि त्यांच्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून बसलेला एक गेम मास्टर. तो गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार, आणि अडलं की फासे टाकायचे. गेम मास्टरचे फासे आडोशामागे पडतात. तिथं काय पडलं हे तो सांगेल तेवढंच बाकीच्यांना कळतं.

मेळ्याच्या यादीत प्रत्येक खेळाची दोन ओळींची जाहिरात द्यावी लागते. इतर लोक रक्त, ड्रॅगन, शापित मुकुट असलं काय काय लिहीत. ड्वेन लिहायचा: ‘डोंगरातल्या एका गावात धान्यकोठाराची तपासणी. मारामारी नाही. अनुभव आवश्यक.’ हे वाचून कुठलाही शहाणा माणूस पुढच्या खेळाकडे वळत असे, आणि ड्वेनला तेच हवं होतं. मे महिन्यात तो सहाजणांना हातानं लिहिलेली पत्रं पाठवी, त्यात खेळाचा क्रमांक कळवी, आणि ते सहाजण सावकाश, न्याहारी वगैरे उरकून, आपापली तिकिटं काढत.

यंदा समितीत आलेल्या एका उत्साही बाईंनी रटाळ जाहिरातींना तजेला द्यायचं मनावर घेतलं. ड्वेनच्या जाहिरातीतल्या कोठारात त्यांनी एक प्रेत ठेवलं आणि दार आतून बंद केलं. प्रेत खेळात होतंच म्हणा, पण ते ड्वेन कुणाला आधी सांगत नसे. बाईंनी त्याची संमती विचारणारी मेलही पाठवली होती. ती नेहमीचं परिपत्रक समजून त्यानं उघडली नाही. तिकीटविक्री सुरू झाली आणि चार मिनिटांत सहाही जागा परक्यांनी नेल्या.

त्यानं सहाजणांना कळवलं. पाचजणांनी ‘अरेरे! पुढच्या वर्षी नक्की!’ अशी उत्तरं दिली. बर्नाडीनचं उत्तर आलंच नाही. त्या ‘अरेरे’त ड्वेनला खरी हळहळ दिसली. ला क्रॉस या आपल्या गावी तो शाळांच्या बसचे मार्ग आखायचं काम करी. घरी एकटा, आणि फोन आलाच तर एखाद्या मुलाची बस चुकली म्हणून आलेला. या सहाजणांच्या घरी तो कधी गेला नव्हता, पण कीथच्या लेकीच्या घटस्फोटापासून बर्नाडीनच्या गुडघ्यापर्यंत सगळं त्याला ठाऊक होतं. खरं सांगायचं तर यांच्याखेरीज ‘माझी माणसं’ म्हणावं असं त्याला कुणीच नव्हतं.

एक आशा होती. मेळ्याचा नियम असा की कुठल्याही खेळाला चालणारं सुटं तिकीट घेऊन कुणीही टेबलाशी येऊन उभं राहावं. दहा मिनिटांत मूळ तिकीटवाला आला नाही, तर खुर्ची उभ्या माणसाची. सहा नाहीत, पण एखाद-दोघं तरी येऊन उभे राहतील असं त्यानं धरलं होतं.

एकला पाच मिनिटं असताना परके यायला लागले. आधी केंटकीहून आलेली ओपल नावाची निवृत्त नर्स आणि तिची नणंद. दोघींच्या गळ्यात चष्मे लोंबत होते. मग कॉलेजातली तीन पोरं, एकाच्या हातात तळलेल्या बटाट्यांचा द्रोण. सहावा आला नाही. एक वाजून पाच, एक वाजून सात. ड्वेन नियम समजावून सांगत होता आणि दर वाक्याला दाराकडे बघत होता.

एक वाजून नऊ मिनिटांनी दारातून कीथ आत आला.

“कीथ!” ड्वेन इतक्या घाईनं उठला की त्याच्या गुडघ्याचा टेबलाला धक्का लागला. “ये, ये. एक खुर्ची आहे. मिनिटभरात तुझी होतेय.”

कीथ जागच्या जागी थबकला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा ट्रे होता आणि ट्रेमध्ये कॉफीचे सहा पेले. ड्वेननं ते मोजले, तसं कीथनंही खाली पाहिलं.

“तसं नाही रे, ड्वेन,” तो म्हणाला. “आम्ही तिकडं बसलोय. एक्केचाळीसवर.”

“आम्ही म्हणजे?”

“सगळेच.”

“चालवतंय कोण?”

“बर्नाडीन. पहिलाच खेळ तिचा. हात लटलट कापतायत बाईचे.”

ड्वेननं मान डोलावली. मान डोलावण्यासारखं काय होतं ते त्यालाही कळलं नाही.

“मला सांगायचं तरी,” तो म्हणाला.

“सांगणार होतो. तीन वर्षं झाली, सांगणारच आहोत.” कीथनं ट्रे या हातातून त्या हातात घेतला. “पण तू एवढी हातानं पत्रं लिहितोस. कोणाच्या तोंडून निघणार?”

“पण काय सांगणार होतात?”

“गावातून बाहेर पडायची ती खिंड, ड्वेन. दर वर्षी आम्ही बोचकी बांधून निघतो, दर वर्षी तू आडोशामागे फासे टाकतोस, आणि दर वर्षी बर्फ. एकवीस वर्षं त्या गावात मुक्काम ठोकलाय आम्ही. आपला रॉजर तर तिथल्या खाणावळवालीचा जावई होऊन बसलाय!”

“आता फासे पडतील तसे पडतात. त्याला मी काय—”

“हो ना,” कीथ म्हणाला. “फाशांचंच सगळं.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ड्वेनला बरं वाटलं असतं.

“जा तू,” ड्वेन म्हणाला. “कॉफी गार होईल.”

कीथ गेला तेवढ्यात सहावा तिकीटवाला धापा टाकत आला, लिफ्टच्या नावानं बोटं मोडत त्यानं सगळ्यांची माफी मागितली आणि रिकाम्या खुर्चीत बसला. टेबल भरलं.

खेळ सुरू झाला. ओपल ही काही ऐकून घेणारी बाई नव्हती. प्रेत समोर येताच तिनं चष्मा नाकावर चढवला आणि विचारलं, “या कोठाराची दुसरी चावी कोणाकडं असते?” जुन्या सहाजणांना हा प्रश्न सुचायला चार ऑगस्ट लागले होते. तासाभरात पोरांनी खुनी पकडला, नणंदेनं त्याच्याकडून कबुली काढली आणि द्रोणातले बटाटे संपले.

“झालं. आता इथं थांबून काय करायचं?” ओपल म्हणाली. “या खिंडीतून पलीकडं जाता येतं ना?”

“येतं,” ड्वेन म्हणाला. “वाट मोकळी असेल तर.”

“मग बघा की, आहे का मोकळी.”

त्यानं आडोशामागे फासे टाकले. एकवीस वर्षांत या फाशांवर काय पडलं ते त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. उत्तर आधीच ठरलेलं असे. पलीकडे गेले की गोष्ट संपणार, आणि गोष्ट संपली की पुढच्या ऑगस्टमध्ये कोण कशाला येणार? म्हणून बर्फ. पण ही ओपल, ही पोरं, हा लिफ्टवाला, यातलं कुणीच त्याला पुन्हा दिसणार नव्हतं. यांना धरून ठेवायचं काही कारणच नव्हतं.

त्यानं वाकून फासे पाहिले. एक तीन, एक पाच. ना धड चांगले, ना वाईट.

“मोकळी आहे,” तो म्हणाला.

“पलीकडे काय आहे?” एका पोरानं विचारलं.

पलीकडचा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. त्यानं घसा खाकरला आणि जे तोंडाला येईल ते सांगायला लागला. उतार सांगितला, उतारावरची ओली माती सांगितली, खाली नदी आणि नदीकाठच्या घरांतून निघणारा धूर. बैल हाकणाऱ्या एका बाईनं यांना पाहून हात वर केला. ती यांना ओळखत नव्हती, तरी केला. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की टेबलावर कुणी हलत नाहीये. नणंदबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि हॉलमधल्या एसीला दोष दिला.

पावणेतीनला सगळं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ओपलनं त्याचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आणि सगळे खालच्या दुकानांकडे पांगले.

मागोमाग दालनाची देखरेख करणारी ग्लेंडा कागद अडकवलेली आपली फळी घेऊन आली.

“आटोपलं ना? मग हे टेबल देऊ का कुणाला? बाहेर लोक ताटकळलेत.”

“पाचपर्यंत माझं आहे,” ड्वेन म्हणाला.

“आहे हो, पण इथं तर कुणीच—”

“पाचपर्यंत, ग्लेंडा.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं, फळीवरच्या कागदावर खूण केली आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

बावीस आणि एक्केचाळीस यांच्यामध्ये एक जाड खांब होता. तिकडून पाहिलं तर ड्वेनच्या खुर्च्या खांबाआड जात; आडोसा आणि त्यावरचं त्याचं डोकं तेवढं दिसे. तो सव्वादोन तास तसाच बसला. मधूनमधून फासे टाकले. एकदा दोन्ही हात पसरून रिकाम्या खुर्च्यांना केवढा तरी मोठा दरवाजा दाखवला. तिकडून हसण्याचे लोट येत होते, आणि त्यांत बर्नाडीनचा आवाज सगळ्यांच्या वर होता. ती इतकी मोठ्यानं हसते हे त्याला एकवीस वर्षांत माहीत नव्हतं. हे मात्र त्याच्या फार जिव्हारी लागलं.

पाचला दाराशी गाठ पडलीच. सहाहीजण होते. बर्नाडीनचे गाल लाल झाले होते.

“ड्वेन, तुझ्या पत्राला मी उत्तर...”

“गुडघा कसा आहे?”

“बरा आहे आता.”

“आणि खेळ?”

“शी! दोनदा फासे खाली पडले. एकदा तर खुनी कोण तेच विसरले मी.” सगळे हसले. “तुझा कसा झाला?”

“टेबल भरलेलं होतं. आत्ताच उठले सगळे.”

रॉजर पिशवीची चेन लावत होता. कीथनं आपल्या बुटांकडे बघत विचारलं,

“मग? गेले का ते? खिंडीतून?”

रॉजरचा हात चेनवर थांबला. सहा चेहरे ड्वेनकडे लागले होते. बर्नाडीनचे ओठ किंचित उघडे होते. त्यांना अजून जाणून घ्यायचं होतं, हे ड्वेनला स्पष्ट दिसलं. नदीकाठचा धूर त्याच्या अगदी जिभेवर आला होता.

“छे,” तो म्हणाला. “बर्फ.”

मोठा हशा झाला. सगळ्यांचे खांदे एकदम सैल पडले. “तू काही सुधारायचा नाहीस!” म्हणत बर्नाडीननं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

“जेवायला चाललोय आम्ही,” कीथ म्हणाला. “टेबल सहाचंच मिळालंय, पण एखादी खुर्ची ओढून घेता येईल.”

“नको, नको. उद्याच्या खेळाची तयारी आहे माझी.”

उद्या त्याचा कुठलाच खेळ नव्हता. यादी सगळ्यांकडे होती, पण कुणी ती काढून पाहिली नाही.

ते सरकत्या जिन्याकडे निघाले. पहिल्या पायरीवर कीथ मागे वळला, हात डोक्यावर नेला आणि बोटं हलवत बर्फ पडतोय असं करून दाखवलं. ड्वेननंही हात वर नेला आणि बोटं हलवली, त्यांची डोकी जिन्याखाली दिसेनाशी होईपर्यंत.