उतारावर बंद केलेलं इंजिन

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेलो आहे. स्वतःची गोष्ट सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुधा उसासे टाकत बोलतात. मला ते जमत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला पेटायला ठिणगी लागते, मला तीही लागत नाही. माझ्या आत हवा इतकी दाबली जाते की ती भट्टीसारखी तापते आणि डिझेलचा फवारा पडताच भडका उडतो. थोडक्यात, दाबलं की पेटायचं, हा माझा स्वभाव. गोड बोलणं ऐकायचं असेल तर एखाद्या फुलदाणीकडे जा.

माझा जन्म कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझं धड घडवलं. मग कातून, घासून, तेल पाजून मला चाचणीच्या खोलीत उभं केलं आणि पहिल्यांदा चालू केलं. काचेआड एक इंजिनिअर बाई उभ्या होत्या. काट्यांवर नजर टाकून त्या सोबत्याला म्हणाल्या, "कमी पितं आणि भरपूर ओढतं. ज्याच्या घरी जाईल त्याचं भलं करेल." मी हरखून गेलो. हीच स्तुती पुढे माझ्या मुळावर येणार आहे, हे मला तिथं कोण सांगणार?

मला एका पिकअपच्या बोनेटखाली बसवलं आणि ती पिकअप एका लॉन्ड्रीच्या दारात आली. लॉन्ड्री टेकडीवर होती, कारण झऱ्याचं मऊ पाणी तिथंच मिळायचं. गिऱ्हाइकं मात्र सगळी खालच्या शहरात. रोज इस्त्री केलेल्या चादरी आणि शर्ट खाली न्यायचे, हॉटेलांत आणि दवाखान्यात पोचवायचे आणि मळक्या चादरींची गाठोडी घेऊन पुन्हा वर यायचं. मधे वळणावळणाचा घाट.

लॉन्ड्री ताईची. गाडी चालवायचा तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे धाकटा असंच म्हणायचे, तो टक्कल पडायच्या वयाला आला तरी. तिसरे इस्त्रीवाले मामा. ते या दोघांचे सख्खे मामा नव्हते, पण दोघांना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. मामांच्या हाताखालून गेलेला शर्ट बघितला की वाटायचं, हा कापडाचा नाहीच, कागदाचा आहे.

माझ्या आधी ताईकडे पेट्रोलची एक जुनी गाडी होती. ती अर्ध्या घाटात धापा टाकायची आणि टाकी मात्र रिकामी करून ठेवायची. मी पहिल्याच दिवशी ओल्या चादरींचं ओझं घेऊन, न कुरकुरता, मंद गतीनं घाट चढून आलो. ताई अंगणात उभी होती. "अगं बाई, आलासुद्धा?" असं म्हणून तिनं बोनेटवर हात फिरवला. टाकीचा काटा बघून तर तिला खरंच वाटेना. तिनं दोनदा काचेवर टिचकी मारून पाहिली.

ते दिवस चांगले होते. ते चांगले होते हे मी रागातसुद्धा नाकारणार नाही. माझ्या बचतीवर ताईनं मोठं धुण्याचं यंत्र घेतलं, मुलीला शहरातल्या शाळेत घातलं. ती पोर रोज सकाळी माझ्याबरोबरच खाली जायची. सगळे तिला पिंगी म्हणत. डिझेल इंजिनाचं कौतुक लोक का करतात, ते मला तेव्हा कळलं. आम्ही देखणे नसतो, आमचा आवाज गोड नसतो, निगा राखली नाही तर काळा धूर ओकतो. पण ओझं उचलतो आणि मोजकं खातो. कुठल्याही घराला असा गडी हवाच असतो.

पण माणसाची एक खोड आहे. कमी खाणारा दिसला की तो अजून किती कमी खाईल, हे त्याला बघायचं असतं.

घाटाच्या पायथ्याशी एक चहाची टपरी होती. तिथं सगळे गाडीवाले जमायचे. तिथं कुणी कुणाला बायकापोरं कशी आहेत असं विचारत नसे. पहिला प्रश्न ठरलेला: "काय, अ‍ॅव्हरेज काय देते?" धाकटा आकडा सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. एक दिवस भाजीच्या गाडीवाल्यानं त्याच्याहून मोठा आकडा सांगितला. धाकट्याचा चहा तिथंच कडू झाला.

दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावर आल्यावर त्यानं गिअर काढला आणि किल्ली फिरवून मला बंद केलं.

मित्रांनो, हे म्हणजे काय, ते समजून घ्या. पिकअप उतारावरून घरंगळत निघाली. वर चादरी, आत पिंगी, आणि मी बोनेटखाली मुका, प्रेतासारखा. ब्रेकच्या पायाला जोर मी पुरवतो. स्टिअरिंग हलकं मी ठेवतो. मी बंद पडलो की ब्रेक एकदा लागतो, फार तर दोनदा, आणि मग पायाखाली दगड होतो. हे धाकट्याला माहीत नव्हतं असं समजू नका. गॅरेजच्या मिस्त्रीनं त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, "उतारावर इंजिन बंद करत जाऊ नकोस हं. एखाद दिवशी अंगाशी येईल." धाकटा हसला. म्हणाला, "आपला हात बसलाय त्याच्यावर."

हात बसलाय! ब्रेक पायानं दाबतात, गाढवा!

मग हे रोजचंच झालं. आकडा जरासा वाढला. टपरीवर धाकट्याची कॉलर ताठ झाली. पुढे तर त्यानं माझं तेल बदलायचंही लांबवलं. "चालतंय ना? मग?" हे त्याचं उत्तर. हवेची जाळी धुळीनं बुजली, मला श्वास पुरेना, मी धूर ओकायला लागलो. रस्त्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून मलाच शिव्या घालायची. ताईनं एकदा विचारलं, "हल्ली एवढा धूर का करते रे गाडी?"

"डिझेल आहे, ताई. करणारच."

"आणि अ‍ॅव्हरेज?"

त्यानं आकडा सांगितला. ताईचा चेहरा फुलला. "माझा भाऊ म्हणजे सोन्याचा आहे," ती म्हणाली. धूर तिथंच विसरला गेला. हा आकडा वर कसा चढला, हे तिनं विचारलं नाही. तो राग मी अजून धरून आहे.

आणि मामा? मामा माल उतरवायला सोबत यायचे, मागे हौद्यात, चादरींच्या गठ्ठ्यांजवळ बसून. पुढची सीट हॉटेलच्या शर्टांसाठी राखलेली आणि उरलेल्या फटीत पिंगी. शर्ट चुरगळता कामा नयेत, माणूस चुरगळला तरी हरकत नाही, असा सगळा कारभार. माथ्यावर माझा आवाज थांबला की मामांना तो ऐकू यायचाच. थांबलेला आवाजही ऐकू येतो. पण मामा बोलले नाहीत. पोरगा शहाणा आहे, त्याचं तो बघेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून पिंगी गाडीत नव्हती. एवढं एक बरं झालं.

माथ्यावर धाकट्यानं मला बंद केलं. दोन वळणं नेहमीसारखी गेली. तिसऱ्या वळणावर समोर एक सायकलवाला आडवा आला. धाकट्यानं ब्रेक दाबला, गाडीला गचका बसला, सायकलवाला सुटला. पुन्हा दाबला, ब्रेक निम्माच लागला. तिसऱ्यांदा पाय ठेवला तेव्हा खाली दगड होता.

उतार मोठा होता. गाडीनं वेग घेतला. जड झालेलं स्टिअरिंग धाकट्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं, त्यामुळे किल्लीपर्यंत त्याचा हात पोचेना. मागून मामा पाठीमागची काच बडवत ओरडत होते, "चालू कर! अरे, गाडी चालू कर!"

वळण संपून जरासा सरळ रस्ता लागला, तेव्हा कुठं त्यानं किल्ली फिरवली. मी चालू झालो. एका झटक्यात झालो, मित्रांनो. अंगात जुनं काळं तेल, छातीत धूळ, तरी झालो. घाबरलेल्या धाकट्यानं चौथ्याऐवजी दुसरा गिअर ओढला. दात ओरबाडत गिअर बसला. सगळ्या गाडीचा, सगळ्या चादरींचा, उतारावर घेतलेल्या वेगाचा जोर एकदम माझ्यावर आला. मी किंचाळलो. माझे व्हॉल्व्ह वाकले, पट्टा तुटला. पण गाडीचा वेग मी खाल्ला. राहिलेला रस्त्याकडेच्या दगडी कठड्यानं खाल्ला. गाडी त्याला घासत जाऊन थांबली.

धाकट्याला खरचटलं. हौद्याचा बाजूचा फाळका निखळून आपटला, आणि त्याखाली मामांचा उजवा हात सापडला.

माणसं धावत आली. मामांना कुणीतरी दवाखान्यात नेलं. धाकटा रस्त्याकडेला बसला होता. कुणीतरी त्याला विचारलं, "काय झालं रे?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. "इंजिननं दगा दिला. चालता चालता बंद पडलं."

मला तेव्हा तोंड असतं तर!

मला दोरानं ओढत लॉन्ड्रीच्या अंगणात आणून टाकलं. जे हात माझ्या बोनेटवरून फिरले होते, तेच आता मला बघून आखडले. "मेलं माझ्या माणसाचा हात घेऊन बसलं," ताई म्हणाली. पिंगीसुद्धा माझ्या बाजूला फिरकेना. पावसाच्या सरी आल्या, गेल्या. माझ्यावर गंज चढला. शेवटी ताईनं भंगारवाल्याला बोलावलं.

तो साखळ्या घेऊन आला, तेव्हा मामा गळ्यात अडकवलेला हात सांभाळत अंगणात आले. दवाखान्यातून आल्यापासून ते फारसे कुणाशी बोलत नव्हते.

"थांब रे जरा," ते भंगारवाल्याला म्हणाले. मग ताईकडे वळले. "पोरी, हे इंजिन बंद पडलं नव्हतं. ह्यानं बंद केलं होतं."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? गाडी कोण चालवत होतं?"

धाकटा दारात उभा होता. "मामा, तुम्ही मागे होता. तुम्हाला काय कळणार?"

"मागे होतो म्हणून तर कळलं. पुढे असतो तर तुझ्या बढाया ऐकत बसलो असतो." मामांचा आवाज चढला. मी त्यांना असं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "डिझेल वाचवतो म्हणे! रोज माथ्यावर ह्याचा गळा दाबायचास आणि आम्हाला उतारावर सोडून द्यायचास. शेवटी जीव वाचवला तो ह्यानंच. आणि भंगारात जायचं तेही ह्यानंच?"

ताई भावाकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "रोज?"

तो उंबऱ्यावरून मागे सरकला.

"पिंगी गाडीत असायची तेव्हाही?"

त्यानं मान खाली घातली. ताई ओरडली नाही. तिनं फक्त हात पुढे केला. धाकट्यानं खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"तूही बस जरा विचार करत," मामा तिला म्हणाले. "आकडा ऐकून पाठ थोपटायचीस ना? आणि मी तरी काय, तोंडात गुळणी धरून बसलो होतो. आता हा हात तोंडाऐवजी बोलतोय."

भंगारवाला साखळ्या घेऊन परत गेला. मिस्त्रीनं माझं डोकं उतरवलं, व्हॉल्व्ह बदलले, नवा पट्टा घातला, जाळी झटकली, ताजं तेल भरलं. ताई स्वतः गाडी शिकली. घाट उतरताना ती मला गिअरमध्येच ठेवते, आणि मी गुरगुरत गाडीला मागे खेचून धरतो.

आता ऐका, मित्रांनो, माझ्या रागाचं खरं कारण. गिअरमध्ये उतार उतरताना मी डिझेल पीतच नाही. चाकंच मला फिरवतात, फवारा आपोआप बंद होतो. ताईनं गाडी चालवायला घेतल्यावर टाकीत फरक पडला तो इतका थोडा, की तिनं पुन्हा काचेवर टिचकी मारून पाहिली. जे मी पीतच नव्हतो, ते वाचवण्यासाठी त्या माणसानं मला रोज मारलं. आणि मामांचा हात कामातून गेला.

मामांचं मनगट नीट वळत नाही ते नाहीच. आता इस्त्रीच्या टेबलाशी धाकटा उभा राहतो आणि मामा स्टुलावर बसून त्याला झापतात. "आधी कॉलर! कॉलर म्हणतोय मी, बाही नाही!" धाकटा निमूटपणे पुन्हा पाणी शिंपडतो. मामांनी त्याला माफ केलंय, असं ताई म्हणते. तो मामांचा प्रश्न. माझं तेलही आता तोच बदलतो, वेळच्या वेळी. परवा गाडीखाली झोपून झाकण सोडवताना गरम तेलाचा थेंब त्याच्या बोटावर पडला. मी मुद्दाम पाडला नाही. पण मला वाईटही वाटलं नाही.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल. थोडक्यात भागवणारं, कुरकूर न करणारं, ओझं ओढणारं. माझ्यासारखं लोखंडाचं असेल किंवा हाडामांसाचं. त्याचं कौतुक करा, जरूर करा. पण कौतुक करता करता त्याच्या ताटातला घास काढून घेऊ नका. कमी खाणाऱ्याला उपाशी ठेवायचा हक्क कुणालाही नाही. आणि तो कुठं बंद पडला तर आधी बघा, किल्ली कुणाच्या हातात होती.

उद्या सकाळी ताई येईल, चादरी भरेल, मी चालू होईन आणि घाट उतरेन. रागावलो म्हणून काम टाकून द्यायचं, हे मला जमत नाही. पण मी काम करतोय म्हणून माझा राग गेला, असं मात्र समजू नका.