सासूबाईंची बोटं

जुना संगणक आता टाकून द्यायचा, असं घरात सगळ्यांचं ठरलं होतं. फक्त नेद्याल्काबाईंना कुणी विचारलं नव्हतं. तो त्यांच्या नवऱ्याने, स्तामेनने, मोठ्या हौसेने घेतलेला. स्तामेनची पुण्यतिथी जवळ आली होती आणि दरवर्षीचं पत्रक त्याच संगणकावर टाइप व्हायला हवं होतं. बल्गेरियातल्या त्यांच्या लोवेच गावात असं पत्रक फोटोसकट दारावर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. छपाईच्या दुकानात ते चुटकीसरशी करून मिळतं. पण "माझ्या माणसाचं नाव परक्या बोटांनी?" असं म्हणून बाईंनी तो विषय कधीच संपवला होता.

"आई, यंत्र ठणठणीत आहे," जावई ल्युबेन म्हणाला. "आतली प्रणाली तेवढी म्हातारी झालीय. बनवणाऱ्यांनीच तिच्यावरून हात झटकलेत. आता प्रिंटरही तिला दाद देत नाही."

"म्हणजे म्हातारीला घराबाहेर काढायचं, असंच ना जावईबापू?"

"तिला हो! तुम्हाला काढलं तर बानित्सा कोण करेल?"

रविवारी तो तीन फुकटच्या लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन आला. पहिलीने संगणकाला धाप लागली. दुसरी चपळ होती, पण अक्षरं मुंगीएवढी. "ही आमच्या रुम्यानासारखी," बाई लेकीचं नाव घेऊन म्हणाल्या. "भराभर चालते, पण काय म्हणते ते कळत नाही." तिसरीत मात्र हात सवयीने जिथे गेला तिथेच बटण होतं. "हीच ठेव. हिला घर लावता येतं."

ल्युबेन खूश झाला. प्रणाली बसवताना तिने विचारलेल्या एकेका प्रश्नाला त्याने फटाफट उत्तरं दिली आणि भट्टीतल्या बानित्साच्या, त्या चीज भरलेल्या खुसखुशीत पोळीच्या वासामागे स्वयंपाकघरात गेला.

बाईंचा उभा जन्म कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून गेलेला. कळांकडे किंवा कागदाकडे बघत टाइप करणं त्यांना कमीपणाचं वाटे. खिडकीबाहेर बघत त्यांनी स्तामेनचं पत्रक सलग टाइप केलं आणि मग पडद्याकडे पाहिलं.

एक शब्द धड नव्हता. त्यांनी पुन्हा केलं, सावकाश. पुन्हा तीच खिचडी.

त्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "छान आहे रे तुझी प्रणाली," त्या म्हणाल्या. "पण यंदा पत्रक दुकानातूनच करून आण."

रुम्यानाने नवऱ्याकडे पाहिलं. "तिला आवडली नाही. तोंडावर बोलत नाहीये."

ल्युबेनला वाईट वाटलं. सासूबाई तोंडावर बोलत नाहीत? ज्यांनी लग्नात त्याच्या कोटाला खिडकीचा पडदा म्हटलं होतं? तो उठून संगणकापाशी गेला, पडद्यावरची खिचडी पाहिली आणि त्याने कपाळावर हात मारला.

बाईंच्या बोटांत टाइपरायटरच्या कळांची जुनी बल्गेरियन मांडणी मुरलेली. ल्युबेनच्या पिढीला इंग्रजी कळांवर आवाजाबरहुकूम अक्षरं शोधायची सवय, आणि मघाशी प्रश्न आला तेव्हा त्याने न विचारता आपलीच मांडणी निवडली होती. कळांवरची अक्षरं तर केव्हाच पुसून गेलेली. त्याने मांडणी बदलली आणि खात्रीसाठी आपलं नाव टाइप केलं. आता खिचडी त्याची झाली.

"आई, इकडे या! चूक माझी आहे, तुमची नाही."

बाई आल्या, बसल्या, त्यांनी खिडकीबाहेर पाहत बोटं चालवली. पडद्यावर स्तामेनचं नाव उमटलं, मग त्याच्यासाठीचं नेहमीचं वाक्य, मग मुलगी, जावई. एकही चूक नाही.

त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मला वाटलं, सुरू झालं," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या आईचं असंच झालं होतं. आधी शब्द गेले, मग आम्ही."

ल्युबेनने ते हात आपल्या हातांत घेतले. बानित्साचा तुपकटपणा दोघांच्या बोटांना लागला, पण बाईंनी त्यावरून त्याला टोकलं नाही.

"एक कबूल कर," त्या म्हणाल्या. "ज्या दिवशी खरंच माझी बोटं चुकतील, त्या दिवशी यंत्रावर ढकलू नकोस. सरळ मला सांग."

"सांगेन," ल्युबेन म्हणाला.

तो साफ खोटं बोलत होता. तो दिवस आलाच, तर तो आधी मांडणी बदलून पाहणार होता, मग प्रणाली, मग अख्खा संगणक.