पुलीतलं तिळतेल

"मशीनीचा तेल, दोनच थेंब. पट्ट्याक लागूक नये हां!"

नवऱ्याचा, शांताराम चिताऱ्याचा, हा जुना बोल मनोरमेच्या कानात घुमत होता. मार्गशीर्षातली दवस्नात सकाळ. माडांच्या झावळ्यांतून केशरी ऊन खेळण्यांच्या कारखान्यात झिरपत होतं. फळीवर लाखेचे आरक्त भोवरे निजलेले, भुईवर पांगाऱ्याचा शुभ्र भुसा निजलेला. आणि कोपऱ्यात ते लाकूड कातायचं लेथ, दीड महिना मुकं.

मुकं, पण निजलेलं नव्हे. तिला वाटे, ते जागं आहे. ते जाणतं आहे.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी शांतारामनं वेगाचा दांडा मंदाकडे ओढला, पण वेग मंदावलाच नाही. झंझावाती चक्रगतीतून आंब्याच्या लाकडाचा ठोकळा सुटला आणि त्याचा उजवा डोळा विझला. "माझीच चूक," एवढंच तो म्हणाला होता.

आज गुरुवार. पहाटे घट मांडताना तिनं लक्ष्मीला शब्द दिला होता: कारण सापडलं तर लपवणार नाही; सांगितल्यावाचून उपास सोडणार नाही.

तिनं वीज तोडली, पट्टा उतरवला. पुलीच्या दोन तबकड्या. जवळ आल्या की वेग चढतो, दूर सरल्या की उतरतो. सरकती तबकडी तिनं ढकलली. हलेना. रॉकेलचा बोळा फिरवला, तर तबकडी सरकते त्या आसावर मधुपिंगट, चिवट थर, भुशानं माखलेला. चिमूटभर नाकाशी नेला.

तीळ.

दसऱ्याच्या पूजेनंतर समईतलं उरलेलं तेल वाया का घालवा, म्हणून तिनंच पुलीच्या तेल सोडायच्या भोकात ओतलं होतं. देवाचं तेल. निर्मळ तेल. तेच आत गोठत गेलं, भुसा गिळत गेलं, तबकडीला मगरमिठी घालून बसलं.

"काय गो," ओसरीवरून शांताराम हसला, "मशीन साफ करतंस की पूजतंस?"

तिनं बोळा पुन्हा रॉकेलात बुडवला.

"आणि पाणी तरी पी! तुझी लक्ष्मी काय रागावाची नाय."

पुसून टाक, भीती कुजबुजली. कोणाला कळणार? तीस वर्षांचा संसार. त्याच्या उरलेल्या डोळ्यात उद्यापासून तू कोण असशील?

तिनं पुसलं. निगुतीनं, तळापर्यंत पुसलं. मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. तबकडी सरकली, अलगद, निःशब्द, जणू काही घडलंच नव्हतं.

आता सारं पाप त्या मूठभर बोळ्यात.

तो तिनं चुलीत टाकला नाही. पदराआड दडवला नाही. उघड्या तळहातावर घेतला, नैवेद्यासारखा, निखाऱ्यासारखा. आणि ओसरीकडे निघाली, पावलामागून पाऊल, हळूहळू, हळूहळू.