गुंडाळायचा राहिलेला कागद

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. कोरियातल्या एका डोंगराच्या उतारावर एक छोटं पॉलीहाऊस आहे, तुमच्या वर्गाहूनही लहान. बाहेर एप्रिलचा बोचरा वारा, आत मात्र पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ धरते. फळ्यांवर ट्रे मांडलेत आणि त्यांत मिरचीची रोपं. त्यांच्यावरून अलगद तळहात फिरवतेय ती आठ वर्षांची हारम.

"पुरे झाले लाड," आंदोंग हे माहेर असलेली शेजारची आजी दारातून ओरडली. "रात्री रोपांवर घातलेल्या गोधड्या काढल्यात ना? आता ऊन चढेल. बाजूचे प्लास्टिकचे कागद वर गुंडाळा, नाहीतर रोपं शिजतील आत."

"आजी, रोज तेच सांगता तुम्ही," हारमचा बाप, ग्युचल, हसला.

"तुला रोजच सांगावं लागतं, बाबा. जन्मभर बुटांना तळ चिकटवलेस. बूट काय उन्हानं मरतात?"

ते खरंच होतं. बुसानचा बुटांचा कारखाना बंद पडला, त्याच वर्षी बायको गेली, आणि ग्युचल लेकीला घेऊन योंग्यांगच्या या गावी, आईबापांच्या रिकाम्या घरात आला. हारमला तेगू शहरात आपल्या घरी न्यायचं असं तिच्या मावशीने, मिरानने, तेव्हाच ठरवलं होतं. ग्युचलने हातापाया पडून एका हंगामाची मुदत मागून घेतली. मिरचीचं एक पीक उभं करून दाखवायचं. नाही जमलं तर पोर मावशीकडे. आज मावशी रोपं बघायला येणार होती.

आजी गेली. कागद गुंडाळणं हे हारमचं सुट्टीच्या दिवशीचं काम. ती बाह्या सरसावून निघाली.

"अगं, राहू दे आज. फ्रॉक मळेल," ग्युचल म्हणाला. "मी करतो. तू केस विंचरून घे."

मग त्याने अंगण झाडलं. भांडी घासली. मेव्हणीला आवडतं म्हणून समुद्री शेवाळाचं सूप चुलीवर ठेवलं, त्यात मीठ जास्त झालं, पुन्हा पाणी घातलं. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

"घर छान ठेवलंत हो, भावोजी," मिरान म्हणाली. मनापासून म्हणाली. "आणि रोपं कुठायत?"

पॉलीहाऊसचं दार उघडताच गरम वाफेचा लोट अंगावर आला. सगळी रोपं माना टाकून पडली होती, उकडलेल्या पालेभाजीसारखी.

कोणी काही बोलण्याआधी हारम पुढे झाली. "मावशी, कागद गुंडाळायचं काम माझं होतं. मीच विसरले."

ग्युचलने तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे शेती या पोरीच्या जिवावर चाललीय?" मिरानचा आवाज चढला. "आणि चुकलं की मानही हिनंच खाली घालायची?"

"तसं नाही गं, मिरान..."

"मग कसं?"

ते काम आज आपण स्वतःकडे घेतलं होतं, एवढंच त्याला सांगायचं होतं. ते त्याच्या तोंडून निघालं नाही.

आवाज ऐकून आजी धावत आली. आत डोकावून तिने कपाळाला हात लावला. "अगं, मे उजाडला की बाजारात हवी तेवढी रोपं येतात. विकत आणेल तो."

"आजी, आता प्रश्न रोपांचा राहिलाच नाही," मिरान म्हणाली.

ग्युचल मरगळलेली रोपं बोटाने उभी करत होता. सोडली की ती पुन्हा आडवी होत. मिरान बोलत राहिली, आजी मध्ये मध्ये समजावत राहिली.

हारम घरात गेली आणि दप्तर पाठीला लावून बाहेर आली. तिला अजून कोणी चल म्हटलं नव्हतं. दोघींच्या मधून वाट काढत ती गाडीपाशी गेली, मागचं दार उघडून आत बसली, आणि सीटचा पट्टा स्वतःच लावून घेतला.