ब्रिताच्या स्कर्टचे तीन टक

माझं नाव चंपत, पण मंचेरियलच्या बाजारात मला सगळे मास्टर म्हणतात. बोथच्या बाजूच्या एका गावातून इथं आलो तो डोक्यावर शिलाई मशीन घेऊनच, आणि कोळशाच्या खाणीतल्या लोकांचे कपडे शिवता शिवता वीस वर्षं गेली. कपड्याच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. वाकडी टीप दिसली की माझं डोकं फिरतं, मग ती दुसऱ्याच्या अंगावरच्या सदऱ्याची का असेना.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात करीनबाई दुकानात आल्या. त्यांचा नवरा खाणीत परदेशी यंत्र बसवायला स्वीडनहून आला होता, चार वर्षांच्या करारावर. बरोबर सात वर्षांची ब्रिता होती. माझ्या मशीनचं चाक फिरवायला मिळावं म्हणून ती माझ्याकडे एकटक बघत होती, मी फिरवू दिलं.

बाईंच्या हातात टाइप केलेली यादी होती. दक्षिणेकडच्या डोंगरात साहेबलोकांच्या मुलांसाठी एक शाळा आहे, मुलं तिथंच राहतात, जुलैपासून ब्रिता तिथं जाणार होती. सहा निळे स्कर्ट, आठ पांढरे ब्लाउज, बारा बनियन, चोवीस रुमाल, झोपायचे कपडे वेगळे, आंघोळीनंतरचे वेगळे. आणि प्रत्येक कपड्यावर मुलीचं नाव शिवलेलं पाहिजे.

"मास्टरजी, आप बनाएगा? स्कूल का दुकान बहुत महँगा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून चौकटीची वही काढली.

ती वही मी आजही विसरलो नाही. एका पानावर ब्रिताचं अख्खं वर्ष होतं. फी, मद्रासपर्यंतची रेल्वे, तिथून डोंगरापर्यंतची मोटार, डॉक्टर, धुलाई, पत्रांची तिकिटं, वाढदिवसाचा केक. बाई बोट ठेवून एकेक ओळ मला हिंदीत सांगत होत्या. फीचा आकडा मी दोनदा विचारला. चाळीस हजार! माझं दुकान, मशीन आणि मला धरून कुणी विकायला काढलं असतं, तरी एवढे आले नसते. त्यातले निम्मे साहेबांची कंपनी देणार होती, बाकी सगळं यांच्या पगारातून. लेकराचं वर्ष असं ओळी पाडून मांडता येतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

सगळं बसलं होतं, फक्त कपड्यांच्या ओळीवर गाडी अडली होती. शाळेच्या दुकानाचे सहा हजार धरले तर पगार पुरत नव्हता आणि ब्रिताचं जाणं रद्द होत होतं. मी यादी पुन्हा वाचून घेतली आणि कापडासकट अठराशे सांगितले. बाईंनी सहा हजारांवर काट मारली, अठराशे लिहिले, खाली बेरीज केली. बेरीज जुळली. त्यांना आनंद झाला असं मात्र म्हणवत नाही. वही मिटून त्या थोडा वेळ ब्रिताच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या.

घरी नावं शिवायचं काम कुसुमबाईकडे आलं, म्हणजे माझ्या बायकोकडे. तिला इंग्रजी येत नाही. कागदावर काढून दिलेली अक्षरं ती वेलबुट्टीसारखी लाल दोऱ्यानं काढत गेली. विसाव्या रुमालाला तिचा धीर सुटला.

"काऊन वो, बनियनवर पन नाव? ते शाळा हाय का जत्रा, पोट्टी हरपाले?"

"मोठ्या शाळेची रीत असते ते."

"रातच्याले पोट्टी रडली तं नाव वाचून कोन उठून येईन तिच्यापाशी?"

मी म्हटलं, गप शिव. माझं लक्ष स्कर्टमध्ये होतं. आपल्याकडे मुलीच्या परकराला आतून आडव्या घड्या घालून टीप मारतात, त्याला टक म्हणतात. मुलगी वाढली की दिवाळीच्या आधी आई एक टक उसवते, परकर खाली येतो, नवा घ्यावा लागत नाही. मी त्या सहाही स्कर्टना दीड-दीड इंचाचे तीन टक घातले. यादीत असलं काही नव्हतं. पण चार वर्षांचे स्कर्ट एकदाच झाले, म्हणजे पुढच्या तीन वर्षांचा तो खर्चच वहीतून गेला. आपल्या अकलेवर मी भलताच खूश होतो.

कपडे न्यायला बाई आल्या तेव्हा कुसुमबाई दुकानातच होती. ब्रिताला स्टुलावर उभं केलं. स्कर्ट असा बसला होता की मीच माझी पाठ थोपटावी! मी तो उलटा करून टक दाखवले.

"ये पहला साल, ये दूसरा, ये तीसरा. हर साल एक खोलने का. नया लेने का काम नहीं."

बाईंनी सवयीनं वही काढली, पेन्सिल काढली. मग टकांवर बोट फिरवलं. एक, दोन, तीन.

"इतना बड़ा होगा?"

"होगा ना, मेमसाब."

"कौन खोलेगा?"

"हमारे में माँ खोलती है," मी बोलून गेलो.

कुसुमबाईनं मला कोपरानं ढोसलं, तेव्हा कळलं आपण काय बोललो ते. बाईंनी तिन्ही टक चिमटीत धरले होते, साडेचार इंच. वहीत फी होती, केक होता, तिकिटं होती. हे साडेचार इंच कुठल्याच ओळीत नव्हते. पेन्सिल तशीच हातात राहिली. त्यांनी काही लिहिलं नाही, पैसे मोजून दिले आणि गठ्ठा घेऊन गेल्या. मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं. माझ्याच स्वस्त शिलाईनं पोरीला आईपासून तोडलं, असं मनात येऊ लागलं.

त्यांची वसाहत गावापासून दहा मैलांवर, खाणीच्या पलीकडे, त्यामुळे पुढं काही कानावर आलं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांचा माणूस आला, बंगल्याचे पडदे शिवायचे होते. मी टेप घेऊन गेलो.

सकाळचे दहा वाजले होते. व्हरांड्यात एक टेबल, एक खुर्ची, मागं फळा. करीनबाईंनी हातातली पितळी घंटा वाजवली आणि आतून पूर्ण गणवेशात ब्रिता आली, केस बांधलेले, रुमाल खोचलेला. तिनं उभं राहून नमस्कार केला आणि बसली. टेबलाखाली त्यांच्या देशातून आलेला पुस्तकांचा खोका होता. मी दारातच थबकलो. त्या सगळ्या शाळेत एकच मुलगी होती आणि तरी मला चपला काढाव्याशा वाटल्या. मी काढल्या.

"कपड़ा तैयार था, मास्टरजी," बाई हसून म्हणाल्या, "तो स्कूल इधर ही लाया."

चौकटीची वही टेबलावर उघडी होती. जुन्या पानावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारलेली होती. शेजारच्या पानावर पुस्तकांचं टपाल आणि खडू, एवढंच.

ब्रिता फळ्यापाशी गेली तेव्हा माझी नजर तिच्या स्कर्टवर पडली. वर्षभराच्या उन्हानं आणि धुण्यानं निळा रंग विटला होता. पण खाली, टक उसवला होता तिथं, कोऱ्या गर्द निळ्या कापडाचा पट्टा निघाला होता. पोर गेल्या वर्षात एवढी वाढली होती. इतकी वर्षं मी टक घालत आलो, पण वाढ अशी समोर उभी मी कधी बघितली नव्हती.

आणि त्या पट्ट्याच्या काठावर, उसवताना सुटलेली शिवण पुन्हा घातलेली टीप! हाताची, सापासारखी वाकडी, एक टाका मोठा, एक बारीक. माझं डोकं फिरलंच.

"लाओ मेमसाब, पाँच मिनट में सीधा करता हूँ."

करीनबाई झटकन पुढं आल्या आणि त्यांनी तो काठ मुठीत धरला.

"नहीं मास्टरजी. ये मैंने खोला."

मी काढलेली सुई परत दोऱ्याच्या गुंडीत खोचली आणि खिडक्यांची मापं घ्यायला लागलो. वाकडी टीप मी आयुष्यात पहिल्यांदा तशीच सोडली.