पुराची पातळी

सासऱ्यांना सगळे गवंड्याच्या दोरीवरून ओळंबा म्हणत, आणि हे टोपणनाव त्यांना मनापासून आवडे. चाळीस वर्षांत त्यांनी नांगराने काढलेले एकही तास वाकडे गेल्याचे कुणाच्या पाहण्यात नव्हते. शेताच्या वरच्या टोकाला उभे राहायचे, खालच्या टोकाच्या एका झाडावर नजर रोखायची आणि बैलजोडी सोडायची. मग नांगराचा फाळ माथ्यापासून पायथ्यापर्यंत रुळावरून गेल्यासारखा जाई. दुरून पाहणाऱ्याला ते शेत फणीने विंचरल्यासारखे दिसे. नांगरटीच्या स्पर्धेत त्यांच्यासमोर उतरणारे लोक दुसऱ्या क्रमांकासाठीच उतरत.

त्यांच्या जावयाला मात्र त्या सरळ तासांच्या जागी पाण्याच्या नळ्या दिसत. तो मृदसंधारण खात्यात मोजणीदार होता. उतारावरून थेट खाली काढलेले तास पावसाच्या पाण्याला धावायला आयती वाट देते आणि धावणारे पाणी माती घेऊन जाते, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आणि शंका नसणे ही त्याच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट होती. तरीही लग्नाला सहा वर्षे झाली तरी त्याने हा विषय सासुरवाडीत काढला नव्हता. माणसाचा शास्त्रीय बाणा जेवायला बसताना गळून पडतो, हे निरीक्षण त्याने स्वतःवरूनच नोंदवले होते.

मग मागच्या वर्षी पूर आला. खालच्या सपाट शेतात नदीने गुडघाभर वाळू आणून टाकली. उतारावरच्या आठ एकरांत नदीचे पाणी फक्त खालच्या कडेला टेकले, पण तिथे पावसानेच काम उरकले. शेताच्या मधोमध छातीभर खोल घळ पडली. जावयाने ठिकठिकाणी खड्डे घेऊन मोजले: नऊ इंच असलेली काळी माती पाच इंचांवर आली होती. त्याखाली मुरूम होता. असे आणखी दोन पावसाळे गेले असते, तर नांगराला जमीन उरली नसती.

वाहून गेलेली माती फार लांब गेली नव्हती. ती शेजारच्या गिरणीवाल्याच्या आवारात थर धरून बसली होती.

“ओळंबा, तुमचं शेत आमच्याकडे मुक्कामाला आलंय,” गिरणीवाला कुंपणाशी येऊन म्हणाला. “न्यायला कधी येताय?”

“राहू द्या चार दिवस,” सासरे म्हणाले. “पाहुणचारात कमी करू नका म्हणजे झालं.”

दोघे हसले. पण त्यानंतर कितीतरी दिवस सासरे रोज सकाळी घळीच्या काठावर जाऊन उभे राहत आणि परत येत. ते पाहून त्यांच्या लेकीने, म्हणजे जावयाच्या बायकोने, विषय स्वतःच काढला. नवरा तो काढणार नाही, हे ती ओळखून होती.

“बाबा, एकदा यांचं ऐकून तर बघा. उतारावर आडवं नांगरायचं. जमीन वळेल तसं तास वळवायचं, म्हणजे पाणी धावत नाही, जागच्या जागी मुरतं.”

“वाकडं नांगरू म्हणतेस.”

“पाण्याच्या पातळीत नांगरा म्हणतेय.”

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिले. जावई ताटाकडे पाहत होता.

“जावईबापू, तुम्ही मुके झालात का? तुमचं बोलणं हिच्या तोंडून ऐकायचं?”

“ती माझ्यापेक्षा बरं सांगते, मामा.”

सासऱ्यांनी तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी निर्णय सांगितला. घळ दगडांनी बुजवली होती. तिच्यावरून, विहिरीच्या कट्ट्यापासून काळ्या खडकापर्यंत, चारशे फूट लांबीचे एकच आडवे तास काढायचे आणि त्याच्या खालच्या अंगाला मातीचा बांध घालायचा. “हा पावसाळा टिकलं, तर आठही एकर तुमच्या म्हणण्याप्रमाणे नांगरीन. फुटलं, तर या घरात पाण्याचं नाव फक्त तहान लागल्यावर काढायचं.”

यात त्यांनी किती सोडले होते, ते जावयाला पुरते कळत होते. ते तास रस्त्यावरून दिसणार होते.

खुंट्या ठोकायच्या दिवशी त्याने विहिरीच्या कट्ट्याशी तिपाई मांडली आणि तिच्यावर दुर्बीण चढवली. ही दुर्बीण साधी नव्हती: तिच्यावरच्या काचनळीतला बुडबुडा मध्यावर आणला की तिच्यातून जाणारी नजर साचलेल्या पाण्यासारखी सपाट जाते. बायको मापपट्टी घेऊन उतारावर चालू लागली. तो हाताने वर, खाली अशा खुणा करी. पट्टीवरचा आकडा जुळला की ती तिथे खुंटी ठोके. दर पंचवीस फुटांवर एक, अशा सतरा खुंट्या झाल्या. शेवटची काळ्या खडकापाशी गेली. कामात कुठेही घाई नव्हती, आणि जावई स्वतःवर खूश होता.

सासरे खुंट्यांच्या रांगेवरून चालत गेले, खडकापाशी थांबले आणि चालत परत आले.

“हे सपाट नाही.”

“वळणामुळे तसं वाटतं, मामा. डोळ्यांची फसगत होते.”

“डोळ्यांचं नाही बोलत मी. पूर आला तेव्हा पाणी कट्ट्याच्या खालच्या पायरीला टेकलं होतं. तुमची पहिली खुंटी तिथंच आहे. त्याच वेळी तिकडं खडकाचा माथा ताटलीएवढा उरला होता, आणि त्यावर आमची कोंबडी बसली होती. तुमची शेवटची खुंटी खडकाच्या पायाशी आहे. मग कोंबडी खोटी की तुम्ही?”

“पुराचं पाणी वाहतं असतं,” जावई समजावणीच्या सुरात म्हणाला. “वाहत्या पाण्याला उतार असतो. त्यावरून पातळी धरता येत नाही.”

“वाहत कुठं होतं? गिरणीपाशी झाडं अडकून तुंबलं होतं. दोन दिवस तळं होतं नुसतं. वाळकं पान टाकलं तर हलत नव्हतं.”

“खरंय,” बायको म्हणाली. “ती कोंबडी मी गुळाच्या काहिलीत बसून आणली. वल्हवल्याशिवाय काहील जागची हलत नव्हती.”

चारशे फूट लांबीचे स्थिर पाणी म्हणजे कोणत्याही कारखान्यात बनू शकणार नाही इतके अचूक साधन होते, आणि ते या माणसाने दोन दिवस समोर बसून वाचले होते. खडकावर आणि पायरीवर गाळाचे पांढरट पट्टे अजून दिसत होते. जावयाने खडकाशी जाऊन पट्ट्यापासून खुंटीपर्यंत मापपट्टी धरली. दोन फुटांचा फरक निघाला. दोन फुटांचा उतार असलेल्या तासात पाणी थांबले नसते. सगळे खडकाकडे धावले असते, तिथे साठले असते आणि बांध फोडून त्याने नवी घळ पाडली असती. पहिलीपेक्षा मोठी.

एव्हाना गिरणीवाला कुंपणाशी येऊन उभा होता. फुकटच्या करमणुकीचा वास त्याला पीठ दळतानाही येत असे.

जावई बायकोला म्हणाला, “पहिल्या खुंटीवर पट्टी धर. मग नववीवर. मी बरोबर मध्ये तिपाई मांडतो.”

“मध्ये कशाला?” सासऱ्यांनी विचारले.

“दुर्बिणीची नजर वाकडी असली, तर जितकं लांब बघावं तितकी चूक वाढते. मध्ये उभं राहिलं की दोन्हीकडची चूक सारखी होते आणि वजाबाकीत उडून जाते. खरा फरक तेवढा उरतो.”

“मी सहा वर्षं या घरात मध्ये उभी राहून तेच करतेय,” बायको पट्टी उचलत म्हणाली.

जावयाच्या हिशेबाने दोन्ही खुंट्या एका पातळीत होत्या. आता दुर्बिणीत बारा इंचांचा फरक दिसला. त्याने पुन्हा पाहिले. बाराच. मागच्या पावसाळ्यापासून ही दुर्बीण फुटलेले रस्ते नि खचलेले पूल मोजत खात्याच्या ट्रकमधून आदळत फिरली होती. सहकाऱ्यांच्या दुर्बिणी तो दर महिन्याला तपासत असे आणि त्यात चूक निघाली तर त्यांना चार शब्द सुनावत असे. स्वतःची तपासावी असे त्याला एकदाही वाटले नव्हते. कारण शोधू गेल्यास एकच सापडत होते: ती स्वतःची होती.

बुडबुडा हलला असेल, ऊन लागले असेल, असे काहीतरी पुटपुटून खुंट्या गुपचूप हलवता आल्या असत्या. सासऱ्यांना बारकावे कळले नसते आणि गिरणीवाल्याला तर मुळीच नाही. ही शक्यता जावयाच्या मनात आली, हे इथे नोंदवले पाहिजे.

“मामा, तुमचं बरोबर आहे,” तो कुंपणापर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला. “दुर्बीण चुकीची आहे. मी ती तपासली नव्हती. या खुंट्यांवर बांध घातला असता, तर पहिल्याच मोठ्या पावसात खडकापाशी फुटला असता.”

कुंपणाकडून आवाज आला, “म्हणजे यंदाही पाहुणे आमच्याकडेच येणार होते म्हणा की.”

“तुम्ही गिरणी बघा,” सासरे त्याच्याकडे न पाहता म्हणाले. “तिकडं पीठ जळतंय.” मग ते जावयाकडे वळले. “दुरुस्त होते का ही?”

“होते. तासभर लागेल.”

“मग चहा घ्या आधी.”

तासाभरात त्याने दुर्बिणीचा स्क्रू फिरवून नजर सरळ केली, मध्ये उभे राहून दोनदा पडताळली आणि सतराच्या सतरा खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. नवी शेवटची खुंटी खडकावरच्या गाळाच्या पट्ट्यापासून अर्ध्या इंचावर आली. सासऱ्यांनी वाकून ते अंतर बोटाने मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बैल जुंपले. समोर नजर रोखायला झाड नव्हते. होती ती फक्त पुढची खुंटी आणि मग तिच्या पुढची. दहा पावले गेल्यावर बैलही बुचकळ्यात पडून थांबले. सासरे त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि चालत राहिले. तास पुरे झाले तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

पाऊस तीन आठवड्यांनी लागला. पाचव्या सरीला तो खरा कोसळला: एका दुपारी साडेतीन इंच. उघडीप होताच तिघेही फावडी घेऊन उतारावर गेले.

तासात पाणी उभे होते. जावयाने कट्ट्यापाशी काठी बुडवली: चार इंच. पुढे पाचव्या खुंटीशी चार, आणि खडकापाशीही चारच. पाणी कुठेही जायच्या घाईत नव्हते. फक्त अकराव्या खुंटीपाशी, जिथे जमीन किंचित खोलगट होती, तिथे हातभर लांबीचा बांध फुटला होता आणि त्यातून गढूळ धार खाली उतरली होती.

बायकोने खाली वाकून पाहिले. “बाबा, इथं तास आत वळायला हवं होतं. अकरावी खुंटी ती बघा, तिकडं वर. तुम्ही दहावीवरून थेट बारावीवर गेलात.”

सासऱ्यांनी आभाळाकडे पाहिले, मग बैलांच्या गोठ्याकडे.

“तेवढ्यापुरतं सरळ दिसत होतं,” ते म्हणाले.

यावर बोलण्यासारखे जावयापाशी पुष्कळ होते, आणि त्यातले प्रत्येक वाक्य सिद्ध करता आले असते. त्याने घसा साफ केला. “खोलगट जागेत खुंट्या दहा-दहा फुटांवर ठोकायला हव्या होत्या, मामा. पंचवीस फार झाले. माझ्याकडूनच राहिलं.”

“खोटं बोलताय.”

“थोडंसं.”

चाळीस वर्षांत कुणी सासऱ्यांची चूक आपल्या अंगावर घेतली नव्हती. चूकच झाली नव्हती, तर घेणार काय. त्यांनी फावडे उचलले आणि फुटलेल्या जागी ओली माती लोटायला सुरुवात केली.

“फुटलं तर विषय संपला, असं ठरलं होतं,” जावई म्हणाला. या बाबतीत तरी त्याला अचूक राहायचे होते.

“पाणी थांबलं ते तुमच्या खुंट्यांनी, फुटलं ते माझ्या हातानं,” सासरे मातीवर पाय देत म्हणाले. “उरलेल्या उताराला किती रेघा लागतील?”

“सात. कदाचित आठ.”

“आठ धरा. आणि या वळणात दहा-दहा फुटांवर ठोका खुंट्या. नाही तर पुन्हा सरळ जाईन मी.”

बायको मापपट्टी आणायला घराकडे निघाली होती. सासऱ्यांनी दुसरे फावडे जावयाच्या हातात दिले, आणि दोघेही वाकून भगदाड भरू लागले.