वरच्या खोलीचं काय करायचं

धाकट्या भावाचं पत्र येऊन वर्ष होत आलं होतं आणि दादांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र तसं काही लांबलचक नव्हतं. सगळ्यांच्या तब्येती, गळका नळ आणि शेवटी दोन ओळी: 'मुलाचं लग्न ठरतंय. तुझ्या वरच्या खोलीचं काय करायचं ते कळव. तू म्हणशील तसं.'

दादा सव्वीस वर्षं परदेशातल्या एका ग्रंथालयात फाटकी पुस्तकं बांधत होते. दुसऱ्यांची सुटी पानं बिनचूक जुळवणारा हा माणूस स्वतःच्या चार ओळी लिहायला बसला की मात्र अडून बसायचा. पहिला मसुदा वाचून त्यांना वाटलं, आपण उदारपणाचा आव आणतोय. दुसरा भलताच चिक्कू वाटला. पाचव्यानंतर त्यांनी वही मिटली. ग्रंथालयात दर सोमवारी परिपत्रक फिरायचं आणि त्याच्या तळाशी ठरलेली ओळ असायची: आठ दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल. दादांनी आजवर एकदाही हरकत घेतली नव्हती. घरीही तसंच समजतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि पत्र टेबलाच्या खणात सारलं.

लग्नासाठी रजा मिळाली नाही. ती मिळाली नंतर चार महिन्यांनी, तीन आठवड्यांची.

घरी पोचल्यावर ते बॅग घेऊन बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर टेकले, तर धाकटा म्हणाला, "दादा, पाहुण्यासारखा काय बसतोस? वर जा की. खोली वाट बघतेय तुझी."

खोली खरंच वाट बघत होती. पलंगावर इस्त्रीची चादर, कपाटात रांगेने पुस्तकं, डांबराच्या गोळ्यांचा वास, खुंटीला त्यांची जुनी छत्री. पुतण्या आणि सूनबाई दोन बस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी, भाड्याच्या एका खोलीत राहतात, हे त्यांना जेवताना कळलं. तिकडून नोकरी जवळ पडत असेल, असं ते धरून चालले. विचारलं नाही. खोदून विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि त्या खोलीत त्यांना फार गाढ झोप लागत होती.

तीन आठवडे भुर्रकन उडाले. निघायच्या दिवशी सकाळी पुतण्या मित्राची गाडी घेऊन आला. दादा पुढे बसले, सूनबाई मागे.

"काका, तुमच्या खोलीला आम्ही काय म्हणतो माहितीये?" ती म्हणाली. "संग्रहालय! हात लावू नये, फोटो काढू नये."

"गप गं," पुतण्या म्हणाला.

"का गप? काका हसतायत बघ."

दादा हसत होते खरे. "पण मग तुम्हीच का नाही राहायला आलात तिथे?"

"बाबांनी तुम्हाला विचारलं होतं ना," पुतण्या म्हणाला. "उत्तर नाही आलं."

"नाही आलं म्हणूनच तर..." दादा म्हणाले.

"नाही आलं म्हणजे नाही. आजोबांचं तसंच होतं ना? हो असलं की लगेच बोलायचे. नाही असलं की पेपर उघडायचे. बाबा म्हणाले, दादाने पेपर उघडला."

"आणि आम्ही घडी करून ठेवून दिला," सूनबाई म्हणाली, आणि आपण जास्त बोललो असं वाटून खिडकीबाहेर बघायला लागली.

विमानात दादांनी पुस्तक उघडलं, पण एकही पान उलटलं नाही. वडिलांचा तो पेपर सगळ्यात जास्त वेळा त्यांच्याच वाट्याला आला होता. मग आपण विसरलो कसे? की विसरलो नव्हतोच, आणि परिपत्रकाची आयती ओळ मिळाली म्हणून तिच्याआड लपलो? जेवणाचा ट्रे आला, तो त्यांनी निमूट संपवला.

परदेशातली त्यांची भाड्याची खोली होती तशीच होती. पलंग, खिडकी, घरमालकिणीने दाराशी ठेवलेला टपालाचा गठ्ठा. दुसऱ्या दिवशी कामावर साहेबांनी विचारलं, "काय, घरी कसं काय?" दादा म्हणाले, "छान." शिवणीतून निसटलेली अकरा पुस्तकं त्यांची वाट बघत होती.

रविवारी त्यांनी फोन केला. "अरे, ते खोलीचं..."

"पोराने काहीतरी बडबड केली वाटतं," धाकटा म्हणाला. "ती दोघं मजेत आहेत रे. दोन वर्षांत तू निवृत्त होशील, मग जाशील कुठे? खोली तुझीच आहे दादा."

"बघू," दादा म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हायसं वाटलंय. त्याची त्यांना इतकी लाज वाटली, की केलेला चहा ओट्यावरच राहिला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, एका कोशाचा पुठ्ठा दाबाखाली वाळत ठेवून, त्यांनी कामाच्या टेबलावरच पत्र लिहिलं.

'वरची खोली मुलांना दे. मी हो म्हटलं नव्हतं, ते आता म्हणतो. पुस्तकांतली हवी ती सूनबाईने ठेवावीत, बाकीची वाचनालयात द्या. मी येईन तेव्हा दिवाणावर झोपेन, आणि कायमचा आलो तर जवळपास खोली बघू. मनातून मला नाहीच म्हणायचं होतं, असं वाटतं. तेवढं मुलांना सांगू नकोस.'

शेवटची दोन वाक्यं खोडावीत असं त्यांच्या मनात आलं. पण खाडाखोड दिसली असती, आणि पुन्हा लिहायला बसलो तर हाही मसुदाच होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या टपाल कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिले.

"साधं की जलद?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"जलद," दादा म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

बाईने शिक्का मारला, पाकीट मागच्या टोपलीत टाकलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.